आकड्याला हात न लावता

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला आहे, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला. १९९८ साली ते स्थापन झालं आणि अभिमत विद्यापीठं वगळता राज्यभरातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंगची महाविद्यालयं त्याच्याशी जोडली गेली. एमडी किंवा एमएस करणाऱ्या डॉक्टरला प्रबंध लिहावाच लागतो. तो निवासी डॉक्टर नागपूरचा असो की कोल्हापूरचा, प्रबंध जातो तो नाशिकच्या विद्यापीठाच्या नावावर. आपल्याकडचे बहुतेक डॉक्टर संशोधनाचा पहिला धडा या प्रबंधातच गिरवतात. विषय निवडणं, नैतिकता समितीची मंजुरी, नमुन्याचा आकार, कोणती चाचणी लावायची, या सगळ्यावर चर्चा होते, व्याख्यानं होतात. सॉफ्टवेअरने काढलेलं उत्तर कागदावर कसं आणायचं, यावर मात्र सहसा कोणी बोलत नाही. ते ज्याने त्याने आपल्या परीने उरकायचं असतं.

उरकलं जातं ते असं. वर्ष-दीड वर्ष रुग्ण तपासून माहिती गोळा होते. ती एक्सेलमध्ये भरली जाते. त्यालाच पुढे मास्टर चार्ट म्हणतात आणि तो प्रबंधाच्या परिशिष्टात छापला जातो. ही फाईल एसपीएसएससारख्या सॉफ्टवेअरमध्ये जाते. काय-स्क्वेअर, टी टेस्ट, जे काही असेल ते चालवलं जातं आणि पडद्यावर तक्ते उमटतात. इथपर्यंत काळजी घेतलेली असते. मग पडद्यावरचा आकडा डोळ्यांनी वाचून वर्डमधल्या तक्त्यात टाईप केला जातो. किंवा तक्त्याचा स्क्रीनशॉट काढून चिकटवला जातो. किंवा विश्लेषण करून देणारा माणूस व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतो आणि त्यावरून निष्कर्षांचं प्रकरण लिहिलं जातं.

माझं म्हणणं एवढंच आहे की माहिती एकदा संगणकात भरली आणि तपासली, की त्यानंतर एकाही आकड्याला हात लागता कामा नये. सॉफ्टवेअरकडून दस्तऐवजाकडे तो आकडा आपला आपण जायला हवा. टाईप करणारा कितीही हुशार असला तरी तीनशे आकड्यांमध्ये एखादा ३६ चा ६३ होतोच.

हे नुसतं अनुमान नाही. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी स्टॅटचेक नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला. छापलेल्या शोधनिबंधात चाचणीचं मूल्य, स्वातंत्र्यमात्रा आणि पी-मूल्य असे तीन आकडे दिलेले असतात. पहिल्या दोनांवरून तिसरा गणिताने काढता येतो. स्टॅटचेक तो काढतो आणि छापलेल्याशी ताडून पाहतो. मानसशास्त्राच्या आठ नियतकालिकांतले १९८५ ते २०१३ या काळातले निबंध त्यांनी तपासले. अडीच लाखांहून अधिक पी-मूल्यं होती. निम्म्या निबंधांमध्ये किमान एक आकडा जुळला नाही. दर आठांपैकी एका निबंधात तर ही विसंगती इतकी मोठी निघाली की निष्कर्षाचं पारडंच फिरू शकलं असतं. सगळा दोष उतरवण्याचा नसेलही, पण उतरवणं हे त्यातलं एक उघड कारण आहे. हे निबंध तज्ज्ञांनी तपासून छापलेले होते, हेही लक्षात घ्यावं.

प्रबंधाच्या बाबतीत धोका वेगळ्या वाटेनेही येतो. समजा शंभर रुग्णांवर तक्ते तयार झाले. मसुदा वाचताना गाईडच्या लक्षात आलं की दोन रुग्ण निकषांत बसत नाहीत. ते वगळायचे. आता मास्टर चार्ट ९८ चा झाला. चौदा तक्ते, त्यांखालची वाक्यं, आलेख, सारांश, चर्चेतली टक्केवारी, सगळं बदलायला हवं. बारा तक्ते बदलतात, दोन राहतात. सारांशात जुनी टक्केवारी तशीच असते. चिकित्सक परीक्षक बेरजा करून पाहतो आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच येतो. विश्लेषण बरोबर, काम प्रामाणिक, तरी प्रबंधावरचा विश्वास जातो.

एक बारकी गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. एसपीएसएसच्या तक्त्यात 'सिग' या मथळ्याखाली पी-मूल्य येतं. जुन्या आवृत्त्यांमध्ये तिथे बरेचदा .००० असं दिसतं. ते जसंच्या तसं उतरवून 'पी = ०.०००' असं लिहिलेले प्रबंध ढिगाने सापडतात. पी-मूल्य म्हणजे, दोन गटांत खरा फरक नसता तर केवळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. अशी शक्यता शून्य असूच शकत नाही. सॉफ्टवेअरने फक्त तीन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकन करून दाखवलेलं असतं. मूळ मूल्य ०.०००५ पेक्षा लहान आहे एवढाच त्याचा अर्थ. आऊटपुटच्या तक्त्यावर डबल-क्लिक करून त्या चौकटीत शिरलं की आत दडलेला पूर्ण आकडा दिसतो. लिहायचं ते 'पी ०.००१ पेक्षा कमी' असं. नव्या आवृत्त्या आता स्वतःच तसं दाखवतात. पण मुद्दा असा की पडद्यावरचा आकडा हा मूळ आकडा नसतो, तो दाखवण्यापुरता काटछाट केलेला असतो. जो फोटो काढतो किंवा हाताने उतरवतो, त्याच्याकडे फक्त ही काटछाट येते. जो तक्ता एक्सेलमध्ये एक्सपोर्ट करतो, त्याच्याकडे आतला आकडाही येतो.

एसपीएसएसचा जन्म १९६८ चा, स्टॅनफर्डमधला. त्या काळी आऊटपुट म्हणजे लाईन प्रिंटरवर घडीच्या कागदाचा गठ्ठा, आणि त्यावरून टंकलेखन करण्याला पर्यायच नव्हता. आज पर्याय आहे, पण सवय तीच राहिली आहे. 'फाईल' मेन्यूत 'एक्सपोर्ट' असतं. तिथे वर्ड, एक्सेल, पीडीएफ, पॉवरपॉईंट, वेबपान असे प्रकार निवडता येतात. वर्ड निवडलं की प्रत्येक तक्ता खरा, संपादन करता येण्याजोगा वर्डचा तक्ता म्हणून उतरतो. रुंद तक्ता पानाबाहेर जात असेल तर तो तोडून खाली घ्यायचा, लहान करायचा की तसाच जाऊ द्यायचा, हेही तिथेच ठरवता येतं. फारसे लोक हे दालन उघडूनच पाहत नाहीत. ते आऊटपुटची मूळ एसपीव्ही फाईल गाईडला मेल करतात, आणि गाईडच्या संगणकावर एसपीएसएस नसल्याने ती उघडत नाही. मग स्क्रीनशॉट. (पीएसपीपी हे एसपीएसएसच्या धर्तीचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याच्यासोबत येणारं एक लहान साधन एसपीव्ही फाईल वाचून पीडीएफ करून देतं. अडल्या वेळी फार उपयोगी.)

कोणत्या प्रकारची फाईल पाठवायची हे घेणाऱ्यावरून ठरवावं. जो दुरुस्त्या करणार, शेरे लिहिणार, त्याला वर्ड. जो फक्त वाचणार आणि ज्याच्या हातून काही हलू नये असं वाटतं, त्याला पीडीएफ. आणि जो त्या आकड्यांवर पुढे गणित करणार, त्याला एक्सेल किंवा सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळे केलेले साधे आकडे. वर्डच्या आजच्या फाईलबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी. डॉकएक्स ही खरं तर झिप केलेली थैली आहे. फाईलचं नाव बदलून शेवटी झिप लावलं की ती उघडते आणि आत साध्या मजकुराच्या खुणांनी लिहिलेल्या काही फायली दिसतात: मजकूर एका फाईलमध्ये, शैली दुसऱ्या, चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये. ही रचना २००६ मध्ये खुलं मानक म्हणून प्रसिद्ध झाली. त्यामुळेच सांख्यिकी सॉफ्टवेअरला वर्ड विकत न घेता, वर्ड न उघडता, वर्डची फाईल लिहिता येते. पीडीएफ अडोबीने १९९३ मध्ये आणली आणि २००८ मध्ये तीही आंतरराष्ट्रीय मानक झाली. तिचं काम वेगळं आहे. पानावर कोणतं अक्षर नेमकं कुठे बसतं एवढंच ती जपते. तक्ता म्हणजे काय, ओळ कुठली आणि स्तंभ कुठला, हे सहसा तिच्या गावी नसतं.

एक्सेलला आकडे देताना मात्र सावध राहावं लागतं, कारण एक्सेल सहसा न विचारता अर्थ लावतं. वयोगट ५-१० असं लिहिलेली सीएसव्ही फाईल डबल-क्लिक करून उघडली की तिथे ५ ऑक्टोबर दिसतो. १०-१२ चा १० डिसेंबर होतो. आकड्याआधीची शून्यं गळून पडतात, म्हणजे ००४७ हा नोंदणी क्रमांक ४७ होतो. पंधरा अंकांपुढचे अंक शून्य होतात. म्हणून वयोगट '५ ते १०' असा शब्दात लिहिणं उत्तम, आणि नोंदणी क्रमांकाचा स्तंभ मजकूर म्हणून आयात करावा.

हे झालं एकदाच करायच्या कामाचं. खरी गंमत आहे ती तेच काम पुन्हा पुन्हा करायचं असतं तेव्हा. यासाठी निफाड तालुक्यात, लासलगावला जाऊ. लासलगाव बाजार समितीचे कांद्याचे भाव रोज जाहीर होतात: आवक किती क्विंटल, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवरून ही माहिती उतरवून घेता येते. समजा एखाद्या शेतकरी उत्पादक कंपनीला, किंवा शेतीच्या अर्थशास्त्राचा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याला, दर आठवड्याला दोन पानांचा अहवाल काढायचा आहे. एक तक्ता, एक आलेख, चार वाक्यं.

हाताने केलं तर दर सोमवारी तीच कसरत. आर या मोफत भाषेत ते एकदाच लिहून ठेवता येतं. फाईल एकच असते. तिच्यात मराठी मजकूर असतो आणि मधेमधे गणिताच्या ओळी असतात. 'या आठवड्यात लासलगावला सरासरी दर क्विंटलला अमुक रुपये राहिला' या वाक्यात 'अमुक'च्या जागी आकडा टाईप केलेला नसतो, तो काढण्याची सूचना लिहिलेली असते. बटण दाबलं की निटर हे पॅकेज त्या सूचना चालवून आकडे, तक्ते, आलेख जागच्या जागी बसवतं. मग पॅनडॉक नावाचा प्रोग्रॅम त्या मजकुराची वर्ड, पीडीएफ किंवा वेबपान अशी हवी ती फाईल करून देतो. पॅनडॉक २००६ मध्ये लिहिलं ते जॉन मॅकफार्लेन यांनी, आणि ते बर्कलीला तत्त्वज्ञान शिकवतात. मजकूर आणि गणित एकाच फाईलमध्ये विणण्याची कल्पना डोनाल्ड क्नूथ यांनी १९८४ मध्ये मांडली होती; २००२ मध्ये फ्रीडरिख लाइश यांनी स्वीव लिहून ती आरमध्ये आणली, आणि २०१२ च्या सुमाराला यिहुई शी यांच्या निटरने ती सर्वांच्या आवाक्यात आली. २०२२ मध्ये आलेलं क्वार्टो याच घराण्यातलं.

याचा फायदा कुठे कळतो ते पाहा. सोमवारी २०,००० क्विंटल आवक झाली आणि सर्वसाधारण दर १,२०० रुपये राहिला. मंगळवारी ५,००० क्विंटल आणि १,६०० रुपये, असं समजू. दोन दरांची साधी सरासरी १,४००. पण कांदा कितीतरी जास्त विकला गेला तो १,२०० ने. आवकेचा भार देऊन सरासरी काढली तर ती १,२८० येते. क्विंटलमागे १२० रुपयांचा फरक. अहवाल तयार झाल्यावर कोणी जाणकाराने ही चूक दाखवली तर हाताने केलेल्या अहवालात तक्ता, वाक्यं, आलेख, मागच्या आठवड्याशी तुलना, सगळं नव्याने. लिहून ठेवलेल्या अहवालात एक ओळ बदलायची. शिवाय मागचे सगळे आठवडेही त्याच क्षणी दुरुस्त होतात. बाजार बंद असलेल्या दिवसांचंही तसंच. व्यापाऱ्यांचा बंद असतो, सण असतो, लिलाव होत नाहीत. त्या दिवसाचा दर रिकामा राहिला पाहिजे; कोणी तिथे शून्य भरलं तर साधी सरासरी धाडकन खाली येते. 'आवक शून्य असेल तर दर रिकामा समज' ही सूचना एकदा लिहून ठेवली की दर आठवड्याला ते आठवणीत ठेवावं लागत नाही.

विद्यापीठाचं विशिष्ट मांडणीचं बंधन असतं: अक्षराचा आकार, समास, ओळींमधलं अंतर. तेही हाताने करायची गरज नाही. त्या मांडणीची एक रिकामी वर्ड फाईल नमुना म्हणून पॅनडॉकला दिली की प्रत्येक अहवाल त्याच वेषात बाहेर पडतो. हे फक्त आरपुरतं नाही. स्टेटामध्ये २०१७ च्या पंधराव्या आवृत्तीपासून पुटडॉक्स ही आज्ञा आहे, ती थेट वर्डची फाईल लिहिते. सॅसमध्ये ओडीएस ही व्यवस्था फार आधीपासून आहे. औषधांच्या चाचण्यांचे हजारो पानांचे तक्ते तिच्यातून निघतात. औषध कंपन्यांच्या जगात तर महत्त्वाच्या तक्त्यासाठी दोन प्रोग्रॅमरनी एकमेकांचं न पाहता स्वतंत्र प्रोग्रॅम लिहायचे आणि उत्तरं जुळली तरच तक्ता पुढे जायचा, अशी पद्धत आहे. वैद्यकीय विद्यार्थ्याने एवढं करावं असं मी म्हणणार नाही. पण ज्याला प्रोग्रॅम लिहायची धास्ती वाटते त्याने निदान जमोवी किंवा जॅस्प वापरून पाहावं. दोन्ही मोफत आहेत, माऊसने चालतात, त्यांचे तक्ते वर्डमध्ये नीटनेटके उतरतात, आणि मूळ माहिती बदलली की उत्तरं आपोआप नव्याने निघतात.

आता मराठीची अडचण. ही आपल्यालाच सोडवावी लागते, म्हणून तिच्यावर थोडं थांबतो.

नाशिक जिल्ह्याचे पंधरा तालुके आहेत. त्यांची नावं आडव्या अक्षावर घेऊन आरमध्ये स्तंभालेख काढा आणि नेहमीच्या पीडीएफ आज्ञेने साठवा. पडद्यावर आलेख सुरेख दिसतो. पीडीएफ उघडली की तालुक्यांच्या जागी नुसती टिंबं. जुन्या आवृत्त्यांत 'नाशिक'च्या जागी पंधरा टिंबं येत. कारण असं: युनिकोडमध्ये नाशिक हा शब्द न, काना, श, ऱ्हस्व इकार आणि क अशा पाच खुणांनी साठवतात, आणि यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. त्या पीडीएफ आज्ञेला एका बाइटचं एक अक्षर एवढंच समजतं. प्रत्येक न कळलेल्या बाइटला तिने एक टिंब दिलं. पाच त्रिक पंधरा.

टिंबं गेली तरी काम संपत नाही. 'शि'मध्ये इकार साठवला जातो श नंतर, पण दिसायला हवा श च्या आधी. 'त्र्यंबकेश्वर' तर तेरा खुणांचं नाव: त, हलन्त, र, हलन्त, य, अनुस्वार आणि पुढचं सगळं. या खुणांना जोडून एकसंध जोडाक्षर घडवणारा भाग प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये नसतो. नसला की त आणि र सुटे पडतात, पायमोडकी अक्षरं दिसतात, इकार पुढच्या अक्षराला जाऊन चिकटतो. म्हणून मराठी नावांचा आलेख साठवताना आरमध्ये कैरो पीडीएफची आज्ञा वापरावी किंवा चित्र म्हणून साठवायचं तर रॅग पॅकेज घ्यावं. दोन्हींना अक्षरजोडणी येते. मराठी मजकुराची थेट पीडीएफ करायची तर लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीचं नेहमीचं इंजिन चालत नाही, झीलाटेक निवडावं लागतं आणि नोटो देवनागरीसारखा फॉन्ट नाव घेऊन सांगावा लागतो. एवढं नको असेल तर आधी वर्ड फाईल काढावी आणि वर्डमधून पीडीएफ करावी. वर्डला देवनागरी नीट जमते. मी तरी मराठी अहवालासाठी हाच मार्ग सुचवीन.

सीएसव्हीचं दुखणं याचंच भावंड. आरमधून किंवा पायथनमधून लिहिलेली मराठी सीएसव्ही एक्सेलमध्ये डबल-क्लिकने उघडली की सगळी नावं चित्रविचित्र रोमन अक्षरांत फुटतात. माहिती बिघडलेली नसते. ही फाईल यूटीएफ-८ मध्ये आहे हे एक्सेलला कळलेलं नसतं. फाईलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटची एक अदृश्य खूण असली की त्याला ते कळतं. आरच्या रीडआर पॅकेजात अशी खूण घालून सीएसव्ही लिहिणारी खास आज्ञा आहे. घाबरून सगळी नावं इंग्रजीत टाईप करायला बसू नये.

आकडा उलट्या दिशेने प्रवास करतो तेव्हा काय होतं, तेही पाहिलं पाहिजे. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच पार पाडते. पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या ७०७ जिल्ह्यांच्या माहितीपत्रिका निघाल्या. त्यांत नाशिकचीही आहे. प्रत्येक पत्रिकेत १०४ निर्देशक आहेत आणि पत्रिका पीडीएफमध्ये आहे. वाचायला ती छान आहे. पण ज्याला महाराष्ट्रातल्या सगळ्या जिल्ह्यांची तुलना करायची आहे तो पीडीएफमधून आकडे उचलून एक्सेलमध्ये चिकटवायला लागतो, आणि इथे एक सापळा आहे.

या पत्रिकांत काही आकडे कंसात असतात. कंस म्हणजे तो आकडा २५ ते ४९ इतक्याच प्रत्यक्ष नोंदींवर आधारलेला आहे, जपून वापरा. पंचवीसहून कमी नोंदी असतील तर आकडा देतच नाहीत, तिथे ताऱ्याची खूण (*) असते. सांख्यिकीच्या दृष्टीने हा फार चांगला, प्रामाणिक शिरस्ता आहे. आता कंसातला ४५.२ एक्सेलमध्ये चिकटवून पाहा. हिशेबनिसांच्या रिवाजाप्रमाणे एक्सेल कंसाचा अर्थ वजा असा लावतं आणि आकडा उणे ४५.२ होतो. टक्केवारी उणे आली तर कोणाच्याही लक्षात येईल असं वाटतं. पण छत्तीस जिल्ह्यांची सरासरी काढताना त्यातला एखादा उणे आकडा पोटात जिरून जातो आणि सरासरी फक्त थोडी कमी दिसते. कंस काढून टाकले तर आकडा सुटतो, पण 'जपून वापरा' ही सूचना कायमची पुसली जाते.

म्हणून ज्या संस्थेला आपली माहिती दुसऱ्यांनी वापरावी असं मनापासून वाटतं, तिने पीडीएफच्या जोडीला त्याच तक्त्याची सीएसव्ही द्यावी, आणि तीत आकडा एका स्तंभात, नोंदींची संख्या दुसऱ्या स्तंभात ठेवावी. अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचन काढतं. त्यातली माहिती तालुक्यापर्यंत उतरते आणि शाळेच्या प्रकल्पापासून पीएचडीपर्यंत सगळ्यांना लागते. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये बसवलेल्या जुन्या सरकारी मराठी पीडीएफमधून मजकूर उचलला की निरर्थक रोमन अक्षरं हाती येतात. अशी पानं पुन्हा टाईप करण्यात किती तरुणांचे दिवस गेले असतील. तीच माहिती गणित करण्याजोग्या स्वरूपात मिळाली तर ते दिवस विचार करण्यात जातील.

एक्सपोर्ट केलेल्या फाईलमधून आपल्याला हवं तेवढंच जातं असं नाही, हेही सांगायला हवं. एक्सेलमधला आलेख वर्डमध्ये चिकटवताना वर्कबुक जोडण्याचा पर्याय निवडला असेल, तर आलेखाच्या पाठीशी संपूर्ण वर्कबुक त्या वर्ड फाईलमध्ये जाऊन बसतं. ज्याला ती फाईल मिळाली तो आलेखावर राइट-क्लिक करून 'एडिट डेटा' म्हणाला की रुग्णांची सगळी नावं त्याच्यासमोर. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर म्हणून कर्मचाऱ्यांच्या संख्येचं एक एक्सेल दिलं. त्यात एक लपलेलं पान राहून गेलं होतं आणि त्या पानावर साडेनऊ हजारांच्या आसपास पोलीस अधिकाऱ्यांची व कर्मचाऱ्यांची आडनावं, हुद्दे, नेमणुकीची ठिकाणं होती. जिथे पोलिसांच्या जिवाला धोका असतो अशा प्रदेशात ही यादी बाहेर पडली. पुढच्या वर्षी त्यांना साडेसात लाख पौंडांचा दंड झाला.

आपल्या प्रबंधांतल्या मास्टर चार्टकडे या नजरेने पाहिलं पाहिजे. त्यात कधी रुग्णाचं नाव, कधी आद्याक्षरं, कधी आंतररुग्ण क्रमांक असतो. जोडीला वय, लिंग, गाव आणि निदान. सुरगाणा तालुक्यातल्या एखाद्या लहान पाड्याचं नाव, वय ३४, स्त्री आणि एचआयव्ही, एवढ्यावरून गावातल्या कोणालाही ती बाई कोण हे कळेल, नाव छापलेलं नसलं तरी. मास्टर चार्ट एक्सपोर्ट करण्याआधी नाव आणि रुग्णालयाचा क्रमांक काढून साधा अनुक्रमांक द्यावा, गावाच्या जागी तालुका किंवा 'ग्रामीण-शहरी' एवढंच ठेवावं, आणि अनुक्रमांक कोणत्या रुग्णाचा हे सांगणारी यादी विभागाबाहेर जाऊ देऊ नये. हे काम मूळ फाईलच्या प्रतीवर करावं, मूळ फाईलवर नाही. मग लपलेली पानं, लपलेले स्तंभ, पिव्होट तक्ते तपासावेत. पिव्होट तक्ताही आपल्या पोटात मूळ नोंदी बाळगून असतो. आलेख चित्र म्हणून चिकटवावेत. वर्डच्या 'फाईल' मेन्यूत दस्तऐवज तपासण्याची सोय आहे, ती चालवावी. आणि या सगळ्यानंतर फाईल एकदा दुसऱ्या संगणकावर, जिथे एसपीएसएस नाही, आपले फॉन्ट नाहीत अशा ठिकाणी उघडून पाहावी: तक्ते पानात बसतात का, त्र्यंबकेश्वर सलग दिसतं का, आणि प्रत्येक तक्त्याखालची बेरीज मास्टर चार्टमधल्या ओळींइतकी भरते का.